टिकल्या लावलेली पेटी: अकरा बेसूर पट्ट्यांपैकी खरोखर बेसूर किती निघाल्या

आमच्या आईची पेटी (हार्मोनियम) साधारण चाळीस वर्षांची. सव्वातीन सप्तकांची, म्हणजे ३९ पट्ट्या, आणि दोन सुरांची, खर्ज (खालचा, जाड) आणि नर (त्याच्या वरचा). म्हणजे आत ७८ पितळी सूर, आवाज काढणाऱ्या पात्या. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलायची सोय) वगैरे काही नाही, साधी पेटी. आई काळी चारमध्ये गाते, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी तिचा सा (पट्ट्यांना काळी एक ते पाच, पांढरी एक ते सात असंच म्हणतात), आयुष्यभर तिथेच गायली, आणि गेल्या पावसाळ्यानंतर ती सारखी म्हणायला लागली की पेटी बिघडली. दादरला जे पेटी दुरुस्त करतात त्यांना फोन केला तर ते म्हणाले दोन महिन्यांनी आणा, आत्ता हातात फार काम आहे. दोन महिने आई काही थांबणार नव्हती, तिने काय केलं तर ज्या ज्या पट्टीचा सूर खटकतो तिच्यावर एकेक लाल टिकली चिकटवली आणि मला डोंबिवलीला फोन केला की शनिवारी ये, अकरा टिकल्या झाल्यात.

मी पेटीवाला नाही. थोडं वाजवतो, आणि हातात स्क्रू ड्रायव्हर दिला की गप्प बसवत नाही एवढंच. तीन शनिवार-रविवार गेले. जे झालं ते सगळं लिहितोय, चुकलो ते पण, कारण मी सुरुवात करताना मनात हेच होतं की अकरा टिकल्या म्हणजे अकरा सूर खरवडायचे, आणि तसं केलं असतं तर पेटी कायमची वाया गेली असती.

पहिल्या शनिवारी मी एकही सूर बघितला नाही, आधी हवा बघितली. पेटीत बाहेरचा भाता आपण हाताने मारतो, ती हवा पोटातल्या भात्यात जाते, त्याला स्प्रिंग असते, तो हवा वर ढकलत राहतो आणि पट्टी दाबली की तिची झडप उचलून ती हवा त्या सुरातून बाहेर पडते. मधे कुठे गळती असेल तर सुराला पुरेसा दाब मिळत नाही आणि मग तो उशिरा लागतो, दबका लागतो, आणि कानाला बेसूर वाटतो. म्हणून भाता पूर्ण भरला, एकही पट्टी न दाबता हात सोडला आणि मोबाईलवर सेकंद मोजले. सात सेकंदात पोटातला भाता बसला. एवढ्यात बसतो म्हणजे हवा भलतीकडून चाललीय. उदबत्ती पेटवून सगळ्या कडांनी फिरवली, भात्याच्या उजव्या कोपऱ्यात धूर एकदम बाजूला फेकला जात होता. चामडं घडीवर सुकून तडकलेलं. दुसरी गळती सुरांच्या फळीखाली, जिथे फळी पेटीवर बसते तिथली चामड्याची पट्टी एका बाजूला दबून चपटी झालेली. कोपऱ्यावर पातळ चामड्याचा तुकडा फेव्हिकॉलने लावला (जुने लोक सरस वापरतात, माझ्याकडे नव्हता), खालची पट्टी नवीन घातली, रात्रभर वाळू दिलं. सकाळी परत मोजलं तर सव्वीस सेकंद.

सेलोटेप लावू नका. आधी कोणीतरी लावली होती, ती काढताना चामड्याचा वरचा थर पण आला.

आता गंमत ऐका. भाता भरून नुसता कान लावून बसलो तेव्हा ऐकू आलं की पट्टी न दाबता सुद्धा आत एक बारीक सूर चालूच आहे. इतका बारीक की पंखा बंद केल्यावरच कळला. शोधत गेलो तर मधल्या सप्तकातली पांढरी चार. तिची झडप पूर्ण बसतच नव्हती. पट्टी काढून झडपेखाली बॅटरी मारली तर चामडं आणि भोक यांच्या मधे तांदळाचा एक दाणा, कुंकवाने लाल झालेला. खंडेनवमीच्या पूजेची अक्षता! दरवर्षी आई पेटीची पूजा करते, हळदकुंकू, फूल, अक्षता, त्यातला एक दाणा पट्ट्यांच्या फटीतून आत गेला आणि जाऊन नेमका तिथे बसला. आणि याच्यामुळे काय होत होतं, तर शेजारची पांढरी तीन किंवा काळी तीन वाजवली की तिच्याखाली हा पांढरी चारचा सूर बारीक वाजत राहायचा आणि दोन्ही मिळून कानाला खरखर वाटायची. त्या दोन्ही पट्ट्यांवर आईची टिकली होती. पांढरी चारवर नव्हती, कारण ती स्वतः वाजवली की छानच वाजायची.

दाणा काढला, दोन टिकल्या गेल्या. गळती बंद झाल्यामुळे तार (सगळ्यात वरच्या) सप्तकातल्या शेवटच्या दोन पट्ट्या पण झटकन बोलायला लागल्या, त्यांच्या दोन गेल्या. अकरातल्या चार गेल्या आणि अजून एका सुराला हात लागलेला नाही.

मग फळी बाहेर काढली. आमच्या पेटीत वरचं झाकण आणि पुढची पट्टी काढली की फळी दोन स्क्रूंवर असते, ती सावकाश उचलून पालथी केली की खाली सगळे सूर रांगेने दिसतात. प्रत्येक सूर म्हणजे एक पितळी चौकट, तिला खाच, आणि खाचेवर एका टोकाला रिव्हेट मारलेली पितळी पाती. पातीचं मोकळं टोक चौकटीपासून केसभर वर असतं. हे अंतर महत्त्वाचं, फार असेल तर सूर फुसफुस करत उशिरा लागतो, फारच कमी असेल तर जोरात भाता मारला की गुदमरून बंद पडतो. एक सूर मुकाच होता, त्याच्या पातीखाली लोकरीसारखा धूळीचा गोळा. दुसरा झणझण करत होता, त्याचा एक स्क्रू सैल झालेला. मऊ ब्रश, पातळ कागदाची पट्टी पातीखालून अलगद ओढायची, स्क्रू घट्ट, झालं. तोंडाने फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ पितळेला लागते. तेल, स्प्रे असलं काही मारायचं नाही, तेलावर धूळ बसते आणि पातीचं वजन वाढतं. अजून दोन टिकल्या गेल्या. उरल्या पाच.

इथे मी अ‍ॅप काढलं, आणि पहिली मोठी चूक करता करता राहिलो.

मोबाईलवरचं ट्यूनर अ‍ॅप सूर सेंटमध्ये दाखवतं. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट असं धरतात. खर्जाचा स्टॉप (ते सूर चालू-बंद करायची खुंटी) बंद करून नुसते नर सूर एकेक वाजवत गेलो, आई भाता मारत होती कारण तिचा हात एकसारखा चालतो. हे पण महत्त्वाचं आहे, जोर लावला की खर्जाचे सूर माझ्या अ‍ॅपवर पाच-सहा सेंट उतरताना दिसत होते, म्हणजे माप घ्यायचं तर ज्या जोराने रोज वाजवतो त्याच जोराने घ्यायचं. तर जवळजवळ सगळ्या पट्ट्या मोबाईलवर लाल, म्हणजे चुकलेल्या. +१०, +१२, +११, +९. आणि मधल्या सप्तकातली काळी दोन, जिच्यावर आईने सगळ्यात मोठी टिकली लावली होती, ती एकटी हिरवी! उणे २. मी म्हटलं आई, तुझा कान गंडलाय, ही तर एकमेव बरोबर पट्टी आहे, बाकीची अख्खी पेटी चढलीय, सगळे सूर उतरवावे लागणार.

आई म्हणाली, "अ‍ॅप बाजूला ठेव. काळी चार आणि काळी दोन एकदम दाब."

दाबलं. काळी चार तिचा षड्ज (सा), मधल्या सप्तकातली काळी दोन तिचा पंचम (प). आणि षड्ज-पंचम एकत्र वाजले की डोलत होते, वॉव-वॉव-वॉव, सेकंदाला पाचेक वेळा. शेजारच्या पट्ट्यांवर सरकून तसाच षड्ज-पंचम धरला तर जवळपास स्थिर. म्हणजे काळी दोनच चुकीची होती आणि अ‍ॅपला तीच बरोबर वाटत होती.

कारण सोपं आहे पण डोक्यात शिरायला मला अर्धा तास लागला. अ‍ॅप मधल्या सप्तकाच्या पांढरी सहाला ४४० (सेकंदाला ४४० कंपनं) धरून चाललं होतं. आमची पेटी कारखान्यातून निघाली तेव्हापासूनच किंवा पुढे कधीतरी ४४३ च्या आसपास लावलेली आहे, म्हणजे अख्खी पेटी ११ सेंट वर. पेटीला त्याचा काही त्रास नाही, सगळे सूर एकमेकांशी जुळलेले आहेत. या सगळ्यात काळी दोनचा पंचम १३ सेंट घसरला आणि योगायोगाने ४४० वाल्या मापावर जाऊन बसला. मी अ‍ॅपचं ऐकून हिरव्यासाठी खरवडत बसलो असतो तर सत्तर-पंच्याहत्तर चांगले सूर बिघडवून एका बिघडलेल्या सुराशी जुळवले असते. म्हणून मी अ‍ॅपमध्ये ४४० काढून ४४३ टाकलं, म्हणजे पेटीची सरासरी शून्यावर आणली, आणि मग परत मोजलं. आता चित्र स्वच्छ: बहुतेक सूर शून्याच्या दोन-तीन सेंट इकडे तिकडे, आणि टिकल्यांपैकी चार पट्ट्या खरंच बाहेर. मधल्या सप्तकाची पांढरी दोन नर, २० सेंट उतरलेली. काळी दोन नर, १३ उतरलेली. पांढरी सहाचा खर्ज, १६ चढलेला. खालच्या सप्तकातली काळी पाच नर, तब्बल ६५ उतरलेली. पाचवी टिकली मधल्या सप्तकाच्या पांढरी एकवर, म्हणजे आईच्या गंधारावर (ग), तिथे अ‍ॅप म्हणतं शून्य, आई म्हणते गंधार चढा. तिच्याबद्दल नंतर.

आता खरवडण्याचं. शाळेत टेबलाच्या कडेला फूटपट्टी धरून टंग करून वाजवायचो ना, तेच तत्त्व. पातीच्या मोकळ्या टोकाकडे थोडं पितळ काढलं की टोक हलकं होतं, पाती भराभर हलते, सूर चढतो. रिव्हेटच्या बाजूला, मुळाशी काढलं की पाती लवचिक होते, सावकाश हलते, सूर उतरतो. जुनी पेटी बहुतेक वेळा उतरलेलीच सापडते कारण टोकावर गंज आणि मळ बसून वजन वाढतं किंवा मुळाशी पितळ थकतं. म्हणून आधी पाती नीट साफ करून परत मोजायचं, पांढरी दोनच्या टोकावरचा हिरवट थर नुसता खरडून काढल्यावर २० चे १४ झाले, कानस न लावता.

पातीखाली आधार हवाच. मी गॅरेजवाल्या मित्राकडून फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) आणलं, त्याचं पातळ पातं पातीखाली सरकवलं आणि बारीक सुई-कानशीने टोकाकडे दोन-तीन हात, तेही लांबीच्या दिशेने. आडवं घासलं की रेघ पडते आणि तीच पुढे तडा होते. कडेला कानस लागू द्यायची नाही, कडेला पितळेचा कीस उभा राहिला की तो चौकटीला घासतो. दोन हात, मग फळी परत पेटीवर, स्क्रू, वाजव, मोज, परत काढ. फळी उघडी असताना सूर वेगळा लागतो त्यामुळे बसवल्याशिवाय माप घेऊन उपयोग नाही. पेटीवाल्यांकडे सूर तपासायला वेगळा भाता असतो म्हणून त्यांचं काम भरभर होतं, आपल्याला ही उचल-ठेव करावीच लागते. पांढरी दोनला पाच फेऱ्या लागल्या. रात्री उणे १ वर सोडली, सकाळी बघितलं तर अधिक १, कारण घासल्याने पाती तापलेली असते आणि तापलेली पाती किंचित खाली वाजते. तेव्हा शेवटचे एक-दोन सेंट त्याच दिवशी गाठायच्या मागे लागू नका.

काळी दोनच्या वेळी भलतीच पाती घासणार होतो. मी ज्या बाजूने फळी पलटली त्यात डावं ते उजवं झालं होतं, मी आपला डावीकडून मोजत दुसऱ्याच सुरावर कानस टेकवली. आईने विचारलं, "तो नक्की तोच आहे का रे?" बोटाने पाती अलगद छेडली तर आवाज भलताच. त्यानंतर चारही सुरांच्या बाजूला लाकडावर पेन्सिलने खूण केली. काळी दोन तीन फेऱ्यांत आली. षड्ज-पंचमचा डोल सेकंदाला पाचावरून एकाच्याही खाली गेला. पूर्ण थांबला नाही आणि थांबवायचा पण नाही, पेटीचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा दोन सेंट खालीच लावलेला असतो, बाराही पट्ट्या सारख्या अंतरावर ठेवायच्या तर तेवढं सोसावं लागतं.

पांढरी सहाचा खर्ज मी बिघडवला. तो चढलेला होता, आणि टोकाकडे बघितलं तर आधीच कोणीतरी घासल्याच्या जुन्या रेघा. म्हणजे पूर्वी कोणीतरी जास्त घासून ठेवला. उतरवायचा तर मुळाशी घासायला हवं, घासलं, पहिल्या दोन हातांनी काहीच फरक दिसला नाही म्हणून वैतागून पुढचे पाच-सहा हात सलग मारले, आणि १६ चढलेला सूर थेट उणे १९ वर गेला. मुळाशी पितळ किती कमी केल्याने किती फरक पडतो याचा मला काहीच अंदाज नव्हता. मग परत टोकाकडे घासून वर आणला, उणे ३ वर थांबलो. आता तो लागतो, नराशी जुळतो पण, पण आवाज पातळ झालाय आणि हळू वाजवलं की बोलायला वेळ घेतो. दोन्हीकडून पितळ गेलं, ते परत येत नाही. आईला अजून कळलेलं नाही असं मला वाटत होतं, परवा म्हणाली खर्जाची पांढरी सहा जरा म्हातारी वाटते.

खालची काळी पाच घासायचा प्रश्नच नव्हता. ६५ सेंट एवढा कोणी मळाने उतरत नाही. भिंगातून बघितलं तर रिव्हेटपाशी केसासारखी काळी रेघ, तडा. तडा गेलेली पाती रोज थोडी थोडी उतरत जाते आणि एक दिवस तुटते, तिला घासून वर आणणं म्हणजे तुटायची तारीख अलीकडे आणणं. सूर काढून कागदात गुंडाळून दुकानात नेला, त्यांनी त्याच मापाचा पालिताण्याचा सूर दिला. गुजरातेतलं पालिताणा या सुरांसाठी प्रसिद्ध आहे, जुन्या पेट्यांमध्ये जर्मन किंवा पॅरिसचे सूर असायचे तसे आता बहुतेक ठिकाणी पालिताण्याचे. नवीन सूर नेमका लावलेला नसतो, जवळपास असतो, तो बसवून पुढचं आपण जुळवायचं. तो ८ सेंट उतरलेला होता, टोकाकडे दोन फेऱ्यांत आला. रंग जरा वेगळा वाटतो, जास्त उजळ, पण सुरात आहे.

राहिला गंधार. पांढरी एक. खर्ज बरोबर, नर बरोबर, दोघं एकमेकांशी बरोबर, अ‍ॅप शून्य. मी म्हटलं आई, यात दोष नाही. ती म्हणाली तानपुरा लाव. ती रियाजाला मोबाईलवरचा तानपुरा लावते. लावला, आणि पांढरी एक धरली, आणि मला पण ऐकू आलं, गंधार स्पष्ट चढा. कारण दोन गोष्टी एकावर एक बसल्या होत्या. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो तो षड्जाच्या सव्वापट असतो. पेटीचा गंधार त्यापेक्षा १४ सेंट वर असतो, कुठलीही पेटी घ्या, कारण तिची अंतरं समान केलेली आहेत. आणि त्यात भर म्हणजे तानपुरा अ‍ॅप ४४० च्या मापावर चाललं होतं आणि पेटी ११ सेंट वर. म्हणजे आईला गंधार १४ नाही, २५ सेंट चढा ऐकू येत होता! यातले ११ एका मिनिटात गेले, तानपुरा अ‍ॅपमध्ये बारीक सूर जुळवायची सोय असते, तो ११ सेंट वर घेतला. मोबाईलला पेटीशी जुळवलं, पेटीला मोबाईलशी नाही.

उरलेले १४ पेटीच्या जन्मातलेच आहेत. याच कुरबुरीपायी १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही आणि श्रुती (सुरांमधले बारीक टप्पे) लागत नाहीत हा आक्षेप, आणि तो खोटा नाही. पेटीवादक डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केली ती याच प्रश्नाला धरून. मी आईला सांगितलं की मला पांढरी एकचा नर आणि खर्ज दोन्ही १४ सेंट उतरवता येतील, गणित सोपं आहे, तुझा काळी चारमधला गंधार तानपुऱ्यात विरघळेल. पण मग वरच्या मजल्यावरची मुलगी संध्याकाळी येऊन पांढरी एकमध्ये अलंकार वाजवते, तिचा षड्जच १४ सेंट खाली जाईल आणि बाकी सगळी पट्टी तिला वाकडी लागेल. शिवाय घासलेलं पितळ परत येत नाही, पांढरी सहाने शिकवलेलंच होतं. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, राहू दे, मी गळ्याने खाली लावीन, पेटीवर तिथे हात हलका ठेवीन.

दहा टिकल्या मी खरवडून काढल्या, डिंकाचे डाग स्पिरिटने पुसले. अकरावी पांढरी एकवर अजून आहे. आई म्हणते असू दे, तिथे बोट गेलं की आठवतं.